आडात होतं, पोहऱ्यात का आलं नाही?

नोव्हेंबर २०१२ मध्ये 'ब्रिटिश रूबी कॉन्फरन्स' आयोजकांनी रद्द केली. पुढच्या मार्चमध्ये ती मँचेस्टरला व्हायची होती. रूबी ही एक संगणकभाषा. तिच्यात काम करणाऱ्यांनी दोन दिवस एकत्र यायचं, एकमेकांची भाषणं ऐकायची, एवढाच बेत होता. जाहीर झालेल्या यादीतले सगळे वक्ते गोरे पुरुष आहेत, याकडे सॅन फ्रान्सिस्कोतल्या अशाच एका परिषदेच्या आयोजकाने ट्विटरवर बोट दाखवलं, आणि दोन-चार दिवसांत रान पेटलं. आम्ही निवड करताना फक्त विषय पाहिला, माणूस पाहिला नाही, असं मँचेस्टरच्या मंडळींचं म्हणणं होतं. वादामुळे प्रायोजक बिचकले. पैशांची जोखीम व्यक्तिशः अंगावर घेणं शक्य नाही, म्हणून परिषद बंद.

निकाल असा लागला की कुणालाच काही मिळालं नाही. ज्यांनी प्रश्न विचारला त्यांना परिषद बंद पाडायची नव्हती. ज्यांनी स्वतःचे शनिवार-रविवार घालून ती उभी केली त्यांची मेहनत वाया गेली. आणि जिला कधीतरी तिथे बोलता आलं असतं, अशा एखाद्या मुलीलाही त्यातून व्यासपीठ मिळालं नाही.

त्या वादातले मुद्दे मी तेव्हापासून आजपर्यंत पुन्हापुन्हा ऐकत आले आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि तांत्रिक परिषदांच्या निवड समित्यांवर स्वयंसेवक म्हणून बसते. दरवर्षी कुणीतरी म्हणतं, 'कोड लिहिणाऱ्याला लिंग नसतं.' कुणी म्हणतं, 'बाई म्हणून बोलावलं, असं वाटलं तर तिचाच अपमान होईल.' कुणी म्हणतं, 'आम्ही फुकट राबतो, त्यात समाजसुधारणेचं ओझं कशाला?' आणि या सगळ्यांच्या तळाशी एक मुद्दा असतो, जो मराठीत म्हणीच्या रूपात तयारच आहे: आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? या क्षेत्रात बायकाच कमी, मग व्यासपीठावर त्या कुठून दिसणार?

म्हण खोटी नाही. पण तिच्यात आड, पोहरा आणि दोर अशा तीन वस्तू आहेत, आणि आपण भांडतो ते पहिल्या दोनबद्दल. या वादाचा इतिहास पाहिला तर बहुतेक वेळा गोष्ट दोराशी येऊन थांबते.

मेजवानीची यादी

सुरुवात परिषदांच्याही आधी करायला हवी. १५ फेब्रुवारी १९४६ला फिलाडेल्फियात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये 'एनिॲक' हा प्रचंड संगणक पाहुण्यांना दाखवण्यात आला. प्रात्यक्षिक होतं तोफगोळ्याच्या मार्गाचं गणित. गोळ्याला लक्ष्यापर्यंत पोचायला साधारण अर्धं मिनिट लागत असेल, तर यंत्राने त्याचा मार्ग त्याहून कमी वेळात काढून दाखवला. पाहुणे थक्क झाले.

ते गणित यंत्रावर चढवलं होतं बेटी जेनिंग्ज आणि बेटी स्नायडर या दोघींनी. एनिॲकच्या प्रोग्रॅमिंगसाठी निवडलेल्या सहाजणींपैकी या दोन. बाकीच्या चौघी केथलीन मॅकनल्टी, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. प्रात्यक्षिकाच्या आदल्या रात्रीपर्यंत एक दोष सापडत नव्हता: गोळा जमिनीवर आदळला तरी यंत्राचा हिशोब चालूच राही. बेटी स्नायडरला झोपेत उत्तर सुचलं आणि सकाळी येऊन तिने एक स्विच बदललं, अशी आठवण जेनिंग्जबाईंनी पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहिली आहे. त्या संध्याकाळी विद्यापीठात मोठी मेजवानी झाली. या सहाजणींना तिचं आमंत्रण नव्हतं.

त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये मूर स्कूलमध्ये एक व्याख्यानमाला झाली. संगणक कसा बांधावा हे जगाला पहिल्यांदा पद्धतशीरपणे शिकवणारा वर्ग म्हणून ती प्रसिद्ध आहे. तिथून परत जाऊन मॉरिस विल्क्स यांनी केंब्रिजमध्ये 'एडसॅक' हा संगणक बांधला. व्याख्यात्यांमध्ये एकर्ट, मॉकली, गोल्डस्टाइन, फॉन नॉयमन अशी नावं आहेत. जगातल्या त्या घडीच्या सर्वांत मोठ्या इलेक्ट्रॉनिक संगणकाकडून प्रत्यक्ष काम करून घेणाऱ्या त्या सहाजणींपैकी एकीचंही नाव त्या यादीत नाही.

पुढे चाळीस वर्षांनी कॅथी क्लाइमन ही हार्वर्डची विद्यार्थिनी एनिॲकचे जुने फोटो पाहत होती. यंत्रासमोर उभ्या असलेल्या या बाया कोण, असं तिने जाणकारांना विचारलं. उत्तर मिळालं की त्या 'रेफ्रिजरेटर लेडीज', म्हणजे फ्रिजच्या जाहिरातीत दार उघडून उभ्या असतात तशा शोभेच्या मॉडेल. क्लाइमनने पाठपुरावा केला, त्या बायकांना शोधून काढलं, त्यांच्या मुलाखती घेतल्या. आज ही नावं आपल्याला माहीत आहेत ती मुख्यतः तिच्यामुळे.

इथे आडात पाणी होतं. पहिला हंडा तर याच बायकांनी भरला होता. पण मेजवानीची आणि व्याख्यानांची यादी करणाऱ्यांच्या नजरेत 'काम करणारी' आणि 'कामाबद्दल बोलणारा' अशा दोन वेगळ्या जाती होत्या. यादी करताना कुणी मुद्दाम दुष्टपणा केला असेल असंही नाही. नावं आठवली ती नेहमी बैठकीत बसणाऱ्यांची.

ही गोष्ट नियम म्हणून सांगण्यात मात्र अर्थ नाही. ग्रेस हॉपर यांनी मे १९५२ मध्ये पिट्सबर्गच्या एसीएम परिषदेत संगणकाला 'शिकवण्या'बद्दलचा आपला प्रसिद्ध निबंध सादर केला. जून १९७८ मध्ये लॉस एंजेलिसला प्रोग्रॅमिंग भाषांच्या इतिहासावर पहिली परिषद झाली, तिथे बीजभाषण त्यांचंच होतं. त्या परिषदेची सूत्रं जीन सॅमेट यांच्याकडे होती; एसीएम या संगणकशास्त्रातल्या सर्वांत जुन्या व्यावसायिक संघटनेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. यादी करणाऱ्यांत जीन सॅमेट असणं आणि बीजभाषणाला ग्रेस हॉपर असणं, यांचा संबंध नाही असं मला वाटत नाही.

आडात किती होतं?

आता म्हणीचा पहिला भाग तपासू. अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांमध्ये १९८४च्या सुमारास ३७ टक्के मुली होत्या. पुढे तो आकडा घसरत गेला आणि २०१०च्या आसपास १८ टक्क्यांवर आला. म्हणजे आड आटला हे खरं. पण तो आपोआप आटला नाही. वैद्यक, कायदा, भौतिकशास्त्र या क्षेत्रांत याच काळात मुली वाढत होत्या. घरगुती संगणक खेळणं म्हणून मुलग्यांच्या खोलीत गेला, त्याच्या जाहिरातीत मुलगेच आले, आणि कॉलेजच्या पहिल्या वर्गात 'आधीपासून येणाऱ्यां'ना धरून शिकवणं सुरू झालं, अशी त्याची कारणं इतिहासकार सांगतात.

आडाचं प्रमाण सगळीकडे सारखंही नाही. मूळच्या भारतीय आणि न्यू मेक्सिकोत शिकवणाऱ्या रोली वर्मा यांनी भारतातल्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनींचा अभ्यास केला आहे. आपल्याकडे या विषयाला 'मुलांचा विषय' असा शिक्का नाही. उलट घरच्यांना तो मुलीसाठी सोयीचा वाटतो, कारण काम ऑफिसात बसून, सुरक्षित आणि बऱ्या पगाराचं. पुण्यातल्या कुठल्याही अभियांत्रिकी कॉलेजात संगणकाच्या वर्गावर नजर टाकली तर हे वेगळं सांगायला लागत नाही. भारतीय आयटी उद्योगात सुमारे एक तृतीयांश बायका आहेत. हा आड काही कोरडा नाही.

पण सगळ्यात बोलका आकडा मला २००६ सालच्या एका युरोपीय पाहणीतला वाटतो. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो आणि जो स्वयंसेवक मिळून लिहितात, त्यात योगदान देणाऱ्यांपैकी बायका साधारण दीड टक्का निघाल्या. त्याच काळात कंपन्यांच्या नेहमीच्या सॉफ्टवेअर कामात त्यांचं प्रमाण होतं २८ टक्के. तोच पेशा, तीच कौशल्यं. म्हणजे आडात २८ होतं आणि पोहऱ्यात दीड आलं. रूबी, पायथन, पीएचपी यांच्या परिषदा याच मुक्तस्रोत जगातून निघालेल्या, त्यामुळे त्यांचे वक्तेही त्या दीड टक्क्याच्या डबक्यातून यायचे.

मधलं कुठे सांडलं, याचं एक उत्तर २००९च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रूबी परिषदेत दिसलं. तिथे एका वक्त्याने डेटाबेससारख्या विषयावरच्या भाषणात पोर्नोग्राफीची उपमा धरून अर्धनग्न बायकांची चित्रं एकामागून एक दाखवली. गंमत होती, त्यात काय एवढं, असं म्हणणारे नामवंतही निघाले. त्या खोलीत बसलेल्या मोजक्या बायकांनी पुढच्या वर्षी स्वतः उभं राहून बोलायचा विचार केला असेल का, हा प्रश्न विचारायला कुठल्याही पाहणीची गरज नाही. २०११ मध्ये व्हॅलरी ऑरोरा आणि मेरी गार्डिनर यांनी 'एडा इनिशिएटिव्ह' ही संस्था काढली आणि परिषदांनी वर्तनाचे नियम लेखी जाहीर करावेत असा आग्रह धरला. तेव्हा त्यावर 'आम्ही काय रानटी आहोत का?' अशा प्रतिक्रिया आल्या. आज असे नियम नसलेली मोठी परिषद सापडणं कठीण आहे.

दोर वळणारी माणसं

पायथन या भाषेची उत्तर अमेरिकेत दरवर्षी होणारी परिषद म्हणजे पायकॉन. २०११ मध्ये तिथल्या भाषणांपैकी बायकांनी दिलेली होती एक टक्का. २०१२ मध्ये सात, २०१३ मध्ये पंधरा, २०१४ आणि २०१५ मध्ये तेहतीस, आणि २०१६ मध्ये चाळीस टक्के. हे आकडे जेसिका मॅककेलर यांनी जाहीर केले. वैविध्याचं काम पाहणाऱ्या त्या पायकॉनच्या पदाधिकारी होत्या.

पाच वर्षांत देशातल्या मुलींची संख्या चाळीसपट होत नाही. म्हणजे आड तोच होता. राखीव जागाही ठेवलेल्या नव्हत्या. मग बदललं काय? उत्तर कंटाळवाणं आहे: माणसं बसून पत्रं लिहीत होती. प्रस्ताव मागवल्याची घोषणा करून वाट पाहण्याऐवजी, कोण काय काम करतंय ते शोधून एकेका बाईला नावानिशी विचारणं, 'तुमच्या या कामावर भाषण होऊ शकेल, प्रस्ताव पाठवाल का?' मसुदा वाचून सुचवण्या करणं. पहिल्यांदा बोलणाऱ्यांसाठी सराव ठेवणं. प्रवासखर्चाला मदत करणं. त्याच काळात 'पायलेडीज' हे गट लॉस एंजेलिसपासून सुरू होऊन गावोगावी पसरले, आणि बॉस्टनला नवशिक्या बायकांसाठी पायथनच्या कार्यशाळा होऊ लागल्या. आड भरायचं कामही एकीकडे चालू होतं, पण मुख्यतः दोर लांब झाला.

बर्लिनच्या 'जेएसकॉन्फ ईयू'ने २०१२ मध्ये हेच दुसऱ्या पद्धतीने केलं. प्रस्ताव पाठवा म्हणून बायकांना आवर्जून विचारलं, पण निवड करताना सगळ्यांचीच नावं झाकली. पंचवीस टक्के वक्ते बायका निघाल्या. ब्रिटिश रूबीचा वाद झाला त्याच वर्षीची ही गोष्ट, आणि तीही युरोपातलीच.

निवड समितीच्या आत बसल्यावर हे का घडतं ते समजतं. काही पुरुष एकाच वर्षी तीन-तीन, चार-चार प्रस्ताव पाठवतात. एखादा तर नुसतं शीर्षक आणि दोन ओळी लिहून 'बाकी नंतर' म्हणतो. एखाद्या बाईला मी विचारते, तेव्हा बहुतेक वेळा पहिलं उत्तर येतं, 'पण हे तर सगळ्यांना माहीतच असेल ना?' जिने तीन वर्षं एखादी प्रणाली रात्री-अपरात्री चालू ठेवली, तिला ते काम भाषणालायक वाटत नाही. ज्याने ती प्रणाली बसवायचं ठरवलं होतं, त्याला वाटतं. मूर स्कूलमधली 'काम करणारी' आणि 'बोलणारा' ही वाटणी आता बाहेरून कुणी लादत नाही, ती आत जाऊन बसली आहे.

'बायका मिळतच नाहीत' या म्हणण्याची परीक्षा २०१८ मध्ये झाली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या 'आरएसए' या संगणकसुरक्षेच्या बलाढ्य परिषदेने बीजभाषणांची यादी जाहीर केली, तेव्हा वीसेक नावांत बाई एकच होती, आणि ती होती मोनिका लेविन्स्की. ऑनलाइन छळाबद्दल बोलण्याचा त्यांचा अधिकार कुणी नाकारत नव्हतं. पण संगणकसुरक्षेत आयुष्य घालवलेली एकही बाई मिळू नये? या क्षेत्रातल्या काही मंडळींनी 'अवरसा' नावाची पर्यायी परिषद आठवड्याभराच्या आत जुळवली, त्याच शहरात, त्याच दिवसांत, आणि तिच्यात बहुसंख्य वक्त्या बायका होत्या. शोधलं तर आठवड्यात सापडतात, हे त्यातून दिसलं.

नाव झाकल्यावर

मग नावं झाकून निवड करा, म्हणजे दोन्ही बाजूंचं समाधान, असं वाटणं साहजिक आहे. या संदर्भात वाद्यवृंदांचा दाखला नेहमी दिला जातो: अमेरिकेत पडद्याआड वादकांची परीक्षा घ्यायला लागल्यावर बायकांची निवड वाढली, असं क्लॉडिया गोल्डिन आणि सेसिलिया राउज यांनी २००० साली लिहिलं. त्या निष्कर्षांमागचं संख्याशास्त्र तितकं भक्कम नाही, असे आक्षेपही नंतर घेतले गेले आहेत. तरी कल्पना आकर्षक आहे.

२०१७ मध्ये गिटहब कंपनी 'इलेक्ट्रॉनकॉन्फ' नावाची परिषद भरवणार होती. प्रस्ताव नावं झाकून तपासले गेले. निवडलेल्या भाषणांवरची झाकणं काढली, तर सगळे पुरुष! जूनमध्ये कंपनीने परिषद पुढे ढकलली आणि कारणही स्पष्ट सांगितलं. त्यावर जी टीका झाली ती मला पूर्णपणे चुकीची वाटत नाही. खेळाचे नियम तुम्हीच ठरवले, आणि निकाल आवडला नाही म्हणून डाव मोडला. ज्यांची भाषणं प्रामाणिकपणे निवडली गेली त्यांचा काय दोष?

पण या घटनेतून नाव झाकण्याच्या पद्धतीची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात. झाकण पोहऱ्यावर बसतं. पोहऱ्यात आधीच जे आलं आहे त्यातून पक्षपात न करता निवडायला ते मदत करतं. पोहरा कुठवर उतरला होता, याबद्दल ते काहीच सांगू शकत नाही. बर्लिनला नावं झाकणं यशस्वी झालं, कारण त्याआधी कुणीतरी दारोदार जाऊन विचारलं होतं. ते आधीचं काम वगळून नुसतं झाकण ठेवलं, तर जुनीच यादी 'निःपक्षपाती' असा नवा शिक्का घेऊन परत येते.

'गुणवत्ता' या शब्दाबद्दल आपल्याला अमेरिकेकडून फार शिकायला नको. १९९० मध्ये मंडल आयोगाच्या वेळी तो शब्द कसा वापरला गेला ते आपण ऐकलं आहे. परीक्षेचा कागद सगळ्यांना सारखा असतो, हे खरंच. परीक्षेला कोण बसू शकलं, हा प्रश्न कागदावर छापलेला नसतो.

चेहरे मोजण्याची किंमत

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मी नेहमी गंभीरपणे घेते. शेवटी फक्त चेहरे मोजले, तर लोक चेहरेच पुरवतील.

२०१९च्या ऑक्टोबरमध्ये ड्रेस्डेनला 'पीएचपी सेंट्रल युरोप' ही परिषद व्हायची होती. सगळे वक्ते पुरुष आहेत म्हणून काही निवडलेल्या वक्त्यांनी माघार घेतली, आणि परिषद रद्द झाली. म्हणजे मँचेस्टरनंतर सात वर्षांनी तीच गोष्ट, त्याच शेवटासह. ज्यांनी माघार घेतली त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण यादी जाहीर झाल्यावरचा दबाव नेहमी उशिराचा असतो. तोवर पत्रं लिहायची वेळ निघून गेलेली असते, आणि आयोजकापुढे दोनच पर्याय उरतात: रद्द करा, नाहीतर घाईघाईने दोन नावं चिकटवा.

नावं चिकटवण्याचा प्रकार कुठवर जाऊ शकतो, ते २०२३च्या नोव्हेंबरमध्ये दिसलं. लॅटव्हियातून चालवल्या जाणाऱ्या 'डेव्हटर्निटी' या ऑनलाइन परिषदेच्या यादीत ॲना बॉयको नावाची एका मोठ्या कंपनीतली अभियंता होती. गेर्गेई ओरोझ या तंत्रविषयक लेखकाने चौकशी केली तर अशी कुणी बाई अस्तित्वातच नव्हती. याच आयोजकाच्या दुसऱ्या परिषदेच्या पानावरही अशाच न सापडणाऱ्या बायका निघाल्या. ते नाव चाचणीसाठी टाकलेलं होतं आणि काढायचं राहून गेलं, असं आयोजकाने सांगितलं. नामवंत वक्ते एकेक करून बाहेर पडले आणि डिसेंबरमध्ये व्हायची ती परिषद झालीच नाही.

'बघा, तुमच्या वैविध्याच्या हट्टाने हे झालं,' असं काहींनी तेव्हा म्हटलं. मला त्यात एक वेगळी गोष्ट दिसते. खऱ्या बाईला पत्र लिहावं लागतं, ती नाही म्हणू शकते, तिला मूल असेल, तिला तारीख जमणार नाही, तिचे प्रश्न असतील. काल्पनिक बाईला यातलं काही नसतं. १९४६च्या फोटोतल्या खऱ्या प्रोग्रॅमरना लोकांनी शोभेच्या बाहुल्या समजलं. २०२३ मध्ये शोभेच्या बाहुलीला प्रोग्रॅमर म्हणून उभं केलं. दोन्हीकडे खऱ्या बाईशी बोलायची तसदी कुणी घेतली नव्हती.

फोटोत न दिसणारं

चेहरे मोजण्याची दुसरी अडचण अशी की सगळं चेहऱ्यावर दिसत नाही. २०१६ मध्ये बार्सिलोनाला कृत्रिम बुद्धिमत्तेची 'निप्स' ही मोठी परिषद झाली. सुमारे साडेआठ हजार लोक असतील तिथे. टिमनिट गेब्रू यांनी त्यांत कृष्णवर्णीय किती ते मोजलं, तर सहा! पुढच्या वर्षी त्यांनी आणि रेडिएट अबेबे यांनी 'ब्लॅक इन एआय' ही संघटना सुरू केली. २०१८ मध्ये ही परिषद माँट्रियलला भरली, तेव्हा तिच्यासोबतच्या 'ब्लॅक इन एआय'च्या कार्यशाळेला यायच्या अनेक आफ्रिकी संशोधकांना कॅनडाने व्हिसा नाकारला. निबंध निवडला गेला होता, नाव झाकून तपासला गेला होता, पण दोर विमानतळाच्या अलीकडेच तुटला. 'आयक्लीअर' या दुसऱ्या परिषदेने मग २०२०चं अधिवेशन आदिस अबाबाला ठरवलं. कोव्हिडमुळे ते ऑनलाइन झालं, आणि शेवटी २०२३ मध्ये ही परिषद रवांडात किगालीला भरली.

आपल्याकडच्यांना हा अनुभव नवा नाही. २०२२ मध्ये मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत पर्यटक-व्यावसायिक व्हिसाच्या मुलाखतीसाठी शेकडो दिवसांची रांग होती. भाषण निवडल्याचं पत्र हातात असलेल्या माणसाला परिषद उलटून गेल्यानंतरची तारीख मिळायची.

आणि एक गोष्ट आपल्यालाच बोलायला हवी, कारण बाकीच्यांना ती दिसत नाही. अमेरिकेतल्या परिषदेच्या फोटोत भारतीय चेहरा 'वैविध्य' म्हणून मोजला जातो. तो चेहरा कुठल्या जातीतून आला, हे फोटोत कळत नाही. अजंता सुब्रमणियन यांनी आयआयटी मद्रासवर केलेल्या अभ्यासात दाखवलं आहे, की पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवर्ण भांडवलाचं रूपांतर 'निव्वळ गुणवत्ते'त कसं होतं. २०२२च्या एप्रिलमध्ये गुगलमध्ये दलित कार्यकर्त्या थेनमोळी सौंदरराजन यांचं जातीवरचं भाषण ठरलं होतं. काही कर्मचाऱ्यांनी विरोध केला आणि ते रद्द झालं. ते आयोजित करणाऱ्या तनुजा गुप्ता यांनी पुढे कंपनी सोडली. वैविध्याची खाती, पदं, धोरणं असलेल्या कंपनीत घडलेली ही गोष्ट आहे. बायकांना व्यासपीठ का नाही, असं विचारणारे आपल्यातले कितीजण या भाषणाच्या बाजूने उभे राहिले, हे ज्याचं त्याने आठवून पाहावं.

म्हणून मला आता अंतिम यादीतल्या टक्क्यांपेक्षा वेगळे आकडे पाहायला आवडतात. किती जणांना आपणहून विचारलं? त्यांत कोण होतं? किती प्रस्ताव आले, कुणाकडून? किती निवडले? निवडल्यावर किती जणांना येता आलं नाही, आणि का: पैसे, व्हिसा, लहान मूल? आयोजकाने हे पाच-सहा आकडे दरवर्षी मांडले, तर सांडतं कुठे ते दिसतं, आणि यादी जाहीर झाल्यावर भांडण्याऐवजी सहा महिने आधी काम करता येतं. स्वयंसेवकांवर हे ओझं आहे, हे खरं. पण ते हॉल, जेवण आणि प्रायोजक यांच्याइतकंच परिषदेचं काम आहे, आणि पायकॉनच्या आकड्यांवरून दिसतं की ते पाच वर्षांत फळ देतं.

त्या फळाचा एक दाखला भाषणांच्या यादीबाहेरचा आहे. पायथनची भाषा प्रत्यक्ष घडवणाऱ्या मुख्य गटात बाई नव्हती. भाषेचे जनक गिडो फान रॉसम यांनी यावं असं ज्या कुणाला वाटतं तिला मार्गदर्शन करायची तयारी जाहीरपणे दाखवली होती. २०१७ मध्ये मूळच्या इंडोनेशियाच्या आणि कॅनडात काम करणाऱ्या मारियाटा विजया या गटातल्या पहिल्या बाई झाल्या. पायकॉनला त्यांनी गिडो यांना गाठलं होतं, आणि कुठून सुरुवात करू, एवढंच विचारलं होतं.